पान, पट आणि पृच्छक : टॅरोच्या वाचनाची मीमांसा

१

टॅरोच्या पत्त्यांकडे साहित्यसमीक्षेने का वळावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी रास्त वाटतो. भविष्यकथनाची एक रूढ रीत म्हणून समाजशास्त्राने वा मानसशास्त्राने त्यांची दखल घ्यावी हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या व्यवहारात लेखक नाही, भाषा नाही आणि स्थिर अशी संहिताही नाही, त्याचा साहित्यविचाराशी संबंध काय? वस्तुस्थिती अशी, की विसाव्या शतकातील साहित्याने आणि साहित्यमीमांसेनेही ह्या पत्त्यांकडे पुनःपुन्हा पाहिले आहे. टी. एस. एलियट ह्यांनी १९२२ मध्ये 'द वेस्ट लँड'च्या पहिल्या विभागात पत्ते पाहणाऱ्या एका बाईला स्थान दिले. १९६० च्या दशकात लेकोमत्सेवा आणि उस्पेन्स्की ह्या सोव्हिएत चिन्हमीमांसकांनी पत्त्यांवरून भविष्य सांगण्याच्या रीतीचा चिन्हव्यवस्था म्हणून विचार केला. १९६८ च्या जुलैमध्ये उर्बिनो येथे कथनाच्या संरचनेवर भरलेल्या परिसंवादात पाओलो फाब्री ह्यांनी ह्याच विषयावर निबंध वाचला, आणि तो ऐकून इतालो काल्व्हिनो ह्यांना 'छेदणाऱ्या नियतींचा किल्ला' ह्या ग्रंथाची कल्पना सुचली.

ह्या आस्थेचे कारण गूढविद्येच्या आकर्षणात शोधण्याची गरज नाही. टॅरोच्या पटावर वाचनक्रिया जणू आवरण काढून समोर उभी राहते. पत्ते पिसले जातात. म्हणजे त्यांचा क्रम कोणाच्याही हेतूने ठरलेला नसतो. तरीही ते मांडले गेले की त्यांतून अर्थ निघतो, कथा निघते, आणि समोर बसलेल्या पृच्छकाला ती आपलीच कथा वाटते. लेखकाचा हेतू नसतानाही अर्थ संभवतो, एवढेच नव्हे तर तो विपुल प्रमाणात संभवतो, ह्याचा याहून ढळढळीत पुरावा मिळणे कठीण. पण येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. वाचकच अर्थ निर्माण करतो असे मानणाऱ्या समीक्षेला आपले वाचन आणि पत्ते पाहणाऱ्याचा फलादेश ह्यांत भेद कसा करता येईल? हा भेद करता आला नाही, तर समीक्षा ही एक प्रतिष्ठित भविष्यविद्या ठरते. प्रस्तुत लेखात ह्या भेदाचा शोध घ्यावयाचा आहे.

२

टॅरोचा इतिहास ह्या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. हे पत्ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत अवतरले. त्यांचे लेखी उल्लेख १४४० च्या सुमारापासून मिळतात. पेले, नाणी, तलवारी आणि दंड अशा चार रंगांची, प्रत्येकी चौदा, मिळून ५६ पाने, आणि त्यांच्या जोडीला २२ चित्रांकित पाने, असा ७८ पानांचा हा जोड. ही बावीस पाने कशासाठी होती? हुकुमासाठी. 'मूर्ख' ह्या पानाचे काम काहीसे वेगळे होते. उरलेली एकवीस क्रमाने एकमेकांना आणि इतर सर्व पानांना मारीत असत. मायकेल डमेट ह्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द गेम ऑफ टॅरो' ह्या बृहद्ग्रंथात हे साधार दाखवून दिले आहे. डमेट हे मूलतः भाषेचे तत्त्वज्ञ होते, ही गोष्ट योगायोगाची असली तरी अर्थपूर्ण आहे. खेळात पानाचा अर्थ म्हणजे त्याचे कार्य: ते कोणाला मारते आणि कोणाकडून मारले जाते. 'मृत्यू'चे पान 'प्रेमिकां'च्या पानाला मारते ते क्रमांकाच्या बळावर. मरण प्रेमाहून प्रबळ असते असा काही सिद्धांत त्यामागे नसतो.

ह्या खेळाचे भविष्यशास्त्रात रूपांतर झाले ते प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पत्त्यांना शुभाशुभ अर्थ जोडण्याची काही तुरळक उदाहरणे त्यापूर्वी आढळतात. पण निर्णायक वळण दिले ते कूर द जेबलँ ह्या फ्रेंच पंडिताने. आपल्या 'मोंद प्रिमितीफ' ह्या ग्रंथमालेच्या १७८१ मध्ये निघालेल्या आठव्या खंडात त्याने असे प्रतिपादन केले, की हे पत्ते म्हणजे प्राचीन ईजिप्तच्या पुरोहितांचा ज्ञानग्रंथ असून तो खेळाच्या मिषाने जिवंत राहिला आहे. ईजिप्तची चित्रलिपी तोवर कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्याँने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे न वाचता येणाऱ्या लिपीचा आधार देऊन वाचता येणाऱ्या चित्रांना गूढ ठरविण्यात आले. पुढे एत्तेया ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या आलियेत ह्याने केवळ भविष्यकथनासाठी पत्त्यांचा जोड तयार केला. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्हीने बावीस पानांची सांगड हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांशी घालण्याच्या कल्पनेला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९०९ मध्ये आर्थर एडवर्ड वेट ह्यांच्या मार्गदर्शनाखाली पॅमेला कोलमन स्मिथ ह्या चित्रकर्तीने रेखाटलेला जोड लंडनमध्ये निघाला. त्यात रंगांच्या साध्या पानांवरही प्रसंगचित्रे आली, आणि प्रत्येक पान एका संभाव्य कथेचा तुकडा बनले.

चित्रे कथागर्भ असली म्हणजे पत्ते आपोआप भविष्य सांगू लागतात, असे मात्र नाही. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा ह्या संदर्भात आठवावा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० पाने त्यात असतात. ह्या चित्रांमागे पुराणकथांचे केवढे भांडार उभे आहे! तरीही गंजिफा हा खेळ म्हणूनच ओळखला जातो. तेव्हा पानाला भविष्यवाचक बनविणारी गोष्ट पानावरील चित्रात नसून त्या पानाभोवती उभ्या राहिलेल्या वाचनसंकेतात असते. जेबलँने पत्त्यांत काही शोधून काढले नाही. त्याने एक नवा वाचक निर्माण केला.

३

हा वाचनसंकेत कसा चालतो, हे पाहण्यास भारतीय शब्दबोधविचाराची परिभाषा उपयोगी पडते. वाक्यार्थाविषयी मीमांसकांत दोन पक्ष आहेत. कुमारिल भट्टांच्या अभिहितान्वयवादाप्रमाणे प्रत्येक पद आधी आपला स्वतंत्र अर्थ सांगते आणि मग त्या अर्थांचा परस्परांशी अन्वय होऊन वाक्यार्थ सिद्ध होतो. प्रभाकरांच्या अन्विताभिधानवादाप्रमाणे पद कधीच सुटा अर्थ सांगत नाही. ते अन्वित अर्थच सांगते. टॅरोची प्रचलित हस्तपुस्तके उघडपणे पहिल्या पक्षाची आहेत. त्यांत प्रत्येक पानाचा अर्थ कोशासारखा दिलेला असतो: सुलटा एक, उलटा दुसरा. पण प्रत्यक्ष वाचनात हा कोश फार काळ टिकत नाही. 'मृत्यू'चे पान निघाले असता पृच्छक मरणार असे सहसा सांगितले जात नाही. शेजारची पाने, पटावरील स्थान आणि विचारलेला प्रश्न पाहून त्याचा अर्थ 'स्थित्यंतर', 'एका पर्वाची समाप्ती' असा केला जातो. म्हणजे शिकताना अभिहितान्वय आणि पाहताना अन्विताभिधान, अशी ही दुहेरी रीत आहे.

वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ह्या तीन गोष्टी आवश्यक मानल्या जातात. पटावर संनिधी तर भरपूर असते. पाने एकमेकांशेजारी ठेवलेलीच असतात. योग्यतेची मात्र हमी नसते. 'अग्नीने शिंपतो' ह्या वाक्यात योग्यता नाही म्हणून ते वाक्य ठरत नाही, असे शास्त्र सांगते. पत्त्यांच्या पटावर अशी अयोग्य जुळणी संभवतच नाही, कारण कोणतेही पान कोणत्याही पानाशेजारी आले तरी वाचक त्यातून अर्थ काढतोच. आणि आकांक्षा? ती पानांत नसते. ती समोर बसलेल्या माणसात असते. नोकरी मिळेल का, मूल वाचेल का, गेलेला माणूस परत येईल का, ह्या प्रश्नांची निकड पानांना जोडते. पदांतील आकांक्षेची जागा येथे पृच्छकाच्या आकांक्षेने घेतलेली असते. योग्यतेचा अभाव आणि आकांक्षेचे हे स्थानांतर ही फलादेशाची दोन व्यवच्छेदक लक्षणे होत. ज्या व्यवस्थेत काहीही चुकू शकत नाही, तिच्यात काही बरोबरही असू शकत नाही. तिच्यात फक्त पटणे वा न पटणे उरते.

पटणे किती स्वस्त असते, हे बर्ट्रम फोरर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले आहे. त्याने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचे व्यक्तिमत्त्वचित्र' म्हणून एकच मजकूर दिला. त्यातील बरीचशी विधाने ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून घेतलेली होती. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्येकाला तो मजकूर आपल्याविषयीच वाटला. सर्वसामान्य विधानातील मोकळी जागा वाचक आपल्या आयुष्याने भरून काढतो. ती भरल्याचे त्याला कळत नाही, म्हणून श्रेय मात्र मजकुराला मिळते.

४

एलियट ह्यांच्या कवितेतील मादाम सोसोस्ट्रिस ही ह्या स्वस्त फलादेशाची प्रतिनिधी आहे. ती सर्दीने बेजार आहे, पोलिसांना भिऊन आहे, आणि तिच्या विद्येला उतरती कळा लागली आहे. तिच्या योजनेतील उपरोध समीक्षकांनी पुरेसा सांगितला आहे. त्या मानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की कवितेच्या अंतर्गत व्यवस्थेत ह्या बाईचे भाकित खरे ठरते. ती बुडालेल्या फिनिशियन खलाशाचे पान दाखविते आणि जलमृत्यूपासून जपावयास सांगते. कवितेच्या चौथ्या विभागाचे शीर्षकच 'पाण्यातील मृत्यू' असे आहे आणि त्यात तो खलाशी बुडालेला आहे. एकाक्ष व्यापारीही तिसऱ्या विभागात वेगळ्या वेषात भेटतो. भोंदू दैवज्ञाच्या तोंडून कवीने कवितेची अनुक्रमणिकाच वदविली आहे.

हे कसे साधले? एलियट ह्यांनी आपल्या टिपांत मोकळेपणाने सांगितले आहे, की टॅरोच्या जोडाची नेमकी घडण त्यांना परिचित नव्हती आणि आपल्या सोयीसाठी त्यांनी तीपासून फारकत घेतली. फिनिशियन खलाशी आणि एकाक्ष व्यापारी ही पाने टॅरोच्या जोडात नाहीतच. तीन दंड धारण करणारा मनुष्य जोडात आहे. पण त्याचा धीवर राजाशी जोडलेला संबंध आपण केवळ स्वेच्छेने जोडल्याचे ते सांगतात. म्हणजे येथे पाने पिसलेली नाहीत. ती कवीने निवडलेली, काही तर घडविलेली आहेत. फलादेशात पाने आधी येतात आणि कथा नंतर रचली जाते. कवितेत कथेची गरज आधी आहे आणि पाने तिच्यासाठी आली आहेत. मादाम सोसोस्ट्रिस खरी ठरते ती तिला दिव्यदृष्टी आहे म्हणून नव्हे, तर तिच्या हातातील पट कोणीतरी लावलेला आहे म्हणून.

परंतु ह्या प्रसंगाचे खरे मर्म तिला जे दिसत नाही त्यात आहे. व्यापारी पाठीवर काही वाहून नेतो आहे. ते पान कोरे आहे आणि ते पाहण्याची तिला मनाई आहे. उलटा टांगलेला मनुष्यही तिला सापडत नाही. एलियट ह्यांच्या टिपेनुसार ह्या आकृतीचा संबंध फ्रेझर ह्यांच्या बलिदेवतेशी आणि पाचव्या विभागातील बुरखा घेतलेल्या आकृतीशी आहे; म्हणजे कवितेतील पुनरुज्जीवनाची सारी शक्यता ज्या पानात आहे, तेच पान पटावर नाही. पत्ते पाहणाऱ्या धंदेवाईक बाईचे शब्द कवितेच्या पातळीवर गंभीर होतात ते ह्या कबुलीमुळे. आपल्याला काय वाचता येत नाही हे ती सांगते.

५

काल्व्हिनो ह्यांच्या ग्रंथात हाच प्रश्न कथनाच्या पातळीवर येतो. अरण्य ओलांडून आलेले प्रवासी एका किल्ल्यात जमतात. त्या सर्वांची वाचा गेलेली आहे. मेजावर टॅरोचा जोड आहे. एकेक प्रवासी पाने मांडून आपली कहाणी 'सांगतो', आणि निवेदक ती आपल्या अनुमानाने शब्दांत मांडतो. ग्रंथाचा पहिला भाग १९६९ मध्ये पंधराव्या शतकातील व्हिस्कोन्ती जोडाच्या चित्रांसह प्रसिद्ध झाला. मार्सेयच्या लोकप्रिय जोडावर आधारलेला 'छेदणाऱ्या नियतींची खानावळ' हा दुसरा भाग जोडून पूर्ण ग्रंथ १९७३ मध्ये निघाला. किल्ल्यातील पट शब्दकोड्यासारखा आहे. एका कहाणीची पाने आडवी वा उभी मांडली की दुसरी कहाणी त्यांना छेदून जाते. तीच पाने उलट दिशेने वाचली की तिसरी कहाणी निघते. पानाचा अर्थ पूर्णतः अन्विताभिधानाने ठरतो.

ह्या रचनेकडे संरचनावादाचा विजय म्हणून पाहण्याची प्रथा आहे. काल्व्हिनो ह्यांनी १९६७ मधील एका व्याख्यानात साहित्य म्हणजे दिलेल्या घटकांच्या संयोगांचा खेळ, अशी भूमिका मांडली होती. हा ग्रंथ म्हणजे तिचे प्रात्यक्षिक, असे मानले जाते. पण बारकाईने पाहिले असता दोन गोष्टी ह्या मताच्या आड येतात.

पहिली अशी, की पटातून निघणाऱ्या कहाण्या पुष्कळदा आधीच माहीत असलेल्या आहेत. प्रेमाने वेडा झालेला रोलाँ, त्याची बुद्धी आणण्यासाठी चंद्रावर जाणारा आस्तोल्फो, फाउस्ट, पार्सिफाल, आणि अखेरीस हॅम्लेट, मॅक्बेथ व लिअर हे सारे पत्त्यांतून जन्मलेले नाहीत. ते लेखकाच्या ग्रंथस्मृतीतून पत्त्यांत उतरले आहेत. पृच्छक ज्याप्रमाणे आपल्या आयुष्यातील ओळखीची गोष्ट पटावर पाहतो, त्याप्रमाणे लेखक आपल्या वाचनातील ओळखीची गोष्ट पाहतो. लेखक जेथे स्वतःची कहाणी सांगू पाहतो, तेथे त्याला दंडांच्या राजाच्या हातातील वस्तू लेखणीसारखी दिसते, ही गोष्टही ह्याचीच साक्ष देते. संयोगाचे यंत्र कथा निर्माण करीत नाही; ते स्मृतीला चाळवते. तेव्हा ह्या ग्रंथाला यंत्राचा विजय म्हणण्यापेक्षा परंपरेची कबुली म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. व्हिस्कोन्ती जोडातील चार पाने हरवलेली आहेत. ७८ पैकी ७४ उरली असून ती बेर्गामो आणि न्यूयॉर्क येथे विभागली गेली आहेत. हरवलेल्या चारांत 'सैतान' आणि 'मनोरा' ही दोन पाने आहेत. काल्व्हिनो ह्यांना कथेसाठी ही पाने आवश्यक होती. त्यांनी ती कथेत घेतली, पण समासात त्यांचे चित्र देता आले नाही, असे ते आपल्या टिपेत नोंदवतात. चित्रातून शब्द निघतो ह्या प्रतिज्ञेवर उभ्या असलेल्या ग्रंथात जिथे सैतान येतो आणि जिथे मनोरा कोसळतो, तिथेच नेमके चित्र नाही. तिथे केवळ शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. एलियट ह्यांचे कोरे पान आणि काल्व्हिनो ह्यांचे हरवलेले पान ह्यांचे कार्य एकच आहे. दोन्ही वाचनाची सीमा दाखवितात.

'खानावळी'त ही सीमा सैल होते. किल्ल्याच्या पटात असलेली शिस्त तेथे लेखकाला साधली नाही. आपण वर्षानुवर्षे पाने पुनःपुन्हा मांडीत राहिलो आणि अखेर ह्या छंदातून सुटण्यासाठी ग्रंथ प्रसिद्ध केला, असे काल्व्हिनोच सांगतात. ही केवळ प्रांजळ कबुली नव्हे. तिच्यात एक सैद्धांतिक सत्य आहे. प्रत्येक मांडणी अर्थ देतेच असे दिसू लागले, की थांबण्याचे कारण उरत नाही. 'किल्ला' कलाकृती म्हणून सरस उतरला ह्याचे कारण त्याच्या पटात अडथळा आहे. एका कहाणीसाठी लावलेला अर्थ त्याच पानावरून जाणाऱ्या दुसऱ्या कहाणीला तोंड देतो. पान जागचे हलवता येत नाही.

६

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. स्टॅन्ली फिश ह्यांनी 'इज देअर अ टेक्स्ट इन धिस क्लास?' ह्या १९८० च्या ग्रंथात एक प्रसंग सांगितला आहे. १९७१ मध्ये एका वर्गासाठी फळ्यावर लिहिलेली भाषाविज्ञान्यांच्या नावांची यादी त्यांनी पुढच्या वर्गाला 'ही एक धार्मिक कविता आहे' असे सांगून दाखविली. विद्यार्थ्यांनी तिच्यातील एकेका नावातून ख्रिस्ती प्रतीके उलगडून दाखविली. फिश ह्यांचा निष्कर्ष असा, की कवितेचे गुण पाहून वाचक तिला कविता म्हणत नाही. कविता म्हणून पाहिल्यामुळे ते गुण दिसू लागतात. जेबलँ आणि त्याचे पत्ते ह्यांच्यासंबंधी नेमके हेच म्हणता येते. फळ्यावरील यादी म्हणजे एक पट, आणि विद्यार्थी म्हणजे निष्णात पत्ते पाहणारे.

फिश ह्यांचे निरीक्षण खोटे नाही, अपुरे आहे. त्या यादीने एकदा अर्थ दिला ह्याने तो अर्थ टिकतो असे सिद्ध होत नाही. कोणी उठून 'ही नावे तर आधीच्या तासाच्या वाचनासाठी नेमलेल्या लेखकांची आहेत' असे म्हटले असते, तर त्या वाचनाला उत्तर द्यावे लागले असते. फलादेशाला असे उत्तर द्यावे लागत नाही. पत्ते पाहून झाले की ते गोळा केले जातात, पुन्हा पिसले जातात. पट मोडला जातो. तो पट एकाच व्यक्तीसाठी, एकाच वेळेपुरता असतो, आणि त्याच्या वाचनाची कसोटी त्या व्यक्तीच्या पटण्यात असते. दुसरा वाचक त्याच पटापाशी येऊन 'हे पान असे वाचता येणार नाही' असे म्हणू शकत नाही.

समीक्षेचा पट मोडता येत नाही, हा भेद येथे निर्णायक ठरतो. संहिता मेजावर तशीच पडून राहते. पुढच्या वाचकाला तीच पाने, त्याच क्रमाने मिळतात. म्हणून समीक्षकाच्या वाचनाला योग्यतेची अट लागू होते: ते चुकू शकते, आणि चुकल्याचे दाखविता येते. लेखकाचा हेतू प्रमाण मानला नाही तरी ही अट नाहीशी होत नाही, कारण तिचा आधार हेतूत नसून पटाच्या स्थैर्यात आणि त्याच्या सार्वजनिकतेत आहे. आकांक्षेचेही तसेच. वाचकाच्या आकांक्षेवाचून वाचन संभवत नाही हे मान्य करूनही, पदांची म्हणून जी आकांक्षा असते, एका शब्दाला दुसऱ्या शब्दाची जी गरज असते, तिला समीक्षकाने आपल्या प्रश्नाहून अधिक मान द्यावा लागतो. जो समीक्षक आपल्या सिद्धांताला हवी तेवढीच पाने उचलतो, अडचणीची पाने बाजूला सारतो आणि वाचकाला पटले एवढ्यावर समाधान मानतो, त्याने ग्रंथ वाचला असे म्हणता येत नाही. त्याने पत्ते पाहिले.

टॅरोला हिणविण्यासाठी हे विवेचन नाही. दुःखात असलेल्या माणसाला आपल्या आयुष्याला काही आकार आहे असे क्षणभर वाटावे, ही पटापाशी बसणाऱ्याची गरज खरी आहे आणि साहित्यही ती काही प्रमाणात भागविते. मात्र तेथे वाचनाचा परिणाम एका जिवंत माणसाला भोगावा लागतो, आणि वाचणाऱ्याला त्याची जबाबदारी टाळता येते. समीक्षेत परिणाम अप्रत्यक्ष असतो, पण जबाबदारी टाळता येत नाही, कारण साक्षीदार म्हणून संहिता उरलेली असते. मादाम सोसोस्ट्रिसने निदान आपल्याला न दिसणाऱ्या पानाचा उल्लेख केला. वाचनाच्या स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या समीक्षेने तेवढा प्रामाणिकपणा दाखविला, तरी ती फलादेशापासून पुरेशी दूर राहील.